शेवटचं प्रकरण आधी

पुस्तकातला खुनी कोण, हे मी शेंगा फोडायला बसलेल्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. वाचता येत होतं, आणि वाचता येतं म्हणजे अक्कलही आहे असा माझा पक्का समज होता. गेल्या महिन्यात भावजी गेल्याचा निरोप आला... रडू आधी यायला हवं होतं, आली ती त्या शेंगांची आठवण.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, माधवराव. निजामाच्या राज्यात उमापुराहून हैदराबादला शिकायला गेले आणि विषय कोणता धरला, तर स्टेशनवर मिळणाऱ्या कादंबऱ्यांचा. जासुसी, भुताच्या, प्रेमाच्या; कोणती माणसाला का धरून ठेवते, हे त्यांना शोधायचं होतं. मास्तरांनी बजावलं होतं, यंदाच्या निबंधात काही निघालं नाही तर विषय सोड. मग शिक्षणही सुटणार होतं. गेवराईच्या तहसिलीतली कारकुनी सासऱ्यांनी ठरवूनच ठेवली होती.

सुट्टीत ते वाचून दाखवत आणि बायकांच्या हातांकडे बघत. हात थांबला की गोष्टीनं धरलं. जासुसी गोष्टीला हात जास्त थांबत. खुनी लपलेला असतो म्हणून, असं त्यांनी लिहूनही टाकलं. मग ते परळीला लग्नाला गेले आणि नवं पुस्तक माझ्या हाती देऊन गेले. माझ्या माहेरी पोथीची फलश्रुती आधी सांगत, म्हणजे कशासाठी बसायचं ते ऐकणाऱ्याला कळतं. मी तसंच केलं.

ते परतले तेव्हा वाचन रंगात होतं. पुस्तकातला वैद्य घरच्या सुनेकडे पाणी मागत होता.

"मेल्याला पानी नगं देऊ गं. त्योच हाय," सुंदराबाई हातातली शेंग तशीच धरून म्हणाली.

"तिला कुठं ठावं हाय?" शेजारची म्हणाली.

"आपल्याला ठावं हाय की."

भावजी दारातच उभे. "वैनी, ह्यांना कोणी सांगितलं?"

"मी. पहिल्याच दिवशी."

"कावून?"

"उगं जिवाला घोर कशाला?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मात्र हात बघत राहिले, आणि हात थांबतच होते, पहिल्यापेक्षा लई जास्त. निबंध त्यांनी पुन्हा मुळापासून लिहिला: खुनी ठाऊक असला तरी तो सगळ्यांसमोर कसा वावरतो, ते बघायला माणूस बसतो. तो निबंध घेऊन ते हैदराबादला गेले. मी इकडे धरून चालले होते की माझ्यामुळे हा माणूस कारकून होणार.

दिवाळीला आले. मी विचारलं, मास्तर काय म्हणाले?

"विषय सोडू नको म्हणाले. तुमची चौकशी केली. मी म्हटलं, वैनीला वाचता येतं, पण कादंबरी कशी वाचावी ते न्हाई कळत... तर म्हणाले, शिकवू नकोस तिला."