बाहुल्यांची पेटी

गोदा तशी फटकळ बाई. अड्यारच्या बाजारात भाजीवाल्यानं वजनात मारलं तर अख्खी गल्ली गोळा करणारी. नवऱ्याला, शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुमूर्तीला, सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःची किडनी दिली, तीही कुणाला न विचारता. पण सासूबाईंपुढे तिची वाचा बसायची. तेच नडलं.

सप्टेंबरात गुरुमूर्तीला फ्लू झाला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर श्रीविद्यांनी बजावलं, "किडनी टिकवायच्या गोळ्यांनी यांची रोगाशी लढायची ताकद आधीच कमी, त्यात हा ताप. धूळ, ओल, बुरशी, काही जवळ नको."

आठ दिवसांत नवरात्र आलं. तंजावरी मराठी घर. पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडायलाच हवा, आणि माळ्यावरची पेटी घरच्या लेकानंच उघडायची.

"एवढंसं करील की गे तो," सासूबाई महालक्ष्मी म्हणाल्या.

गोदानं नवऱ्याच्या नाकाला रुमाल बांधला. केवढी ती अक्कल! वर्षभर ओल खाल्लेल्या कागदांतून त्यानं एकेक बाहुली सोडवली, पुसली, खोकला, पुन्हा हसला. त्या दिवशी तो किती खूश होता म्हणून सांगू!

पंधरा दिवसांनी थुंकीत रक्त. डॉक्टरांनी थेट विचारलं, "जुन्या धुळीत हात घातला होता का?"

गोदानं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी.

"नाही," गोदा म्हणाली.

मग साध्या न्यूमोनियाची औषधं सुरू झाली. रोज तिच्या ओठांवर यायचं आणि रोज ती गिळायची. उद्या उतार पडला तर सांगायची गरजच काय? पाचव्या दिवशी फुफ्फुसातून काढलेल्या पाण्यात बुरशी सापडली. तेव्हा कुठे गोदा बाईसाहेबांना कंठ फुटला.

"सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी बुरशीचं औषध दिलं असतं," डॉक्टर एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर गोदाला बरं वाटलं असतं.

औषध लागू पडलं नाही. नवव्या दिवशी गुरुमूर्ती गेला, गोदाची किडनी घेऊन.

तेराव्याला घर भरलं. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "डॉक्टरांना रोग वेळेवर कळलाच नाही हो."

शेजारची भवानी गोदाकडे वळली. "खरं का गं?"

"खरंच की," गोदा म्हणाली, आणि कॉफी आणायला उठली.