वडिलांचा खोकला थांबला तेव्हा

"खोकून दाखवा."

कंधारला आमच्या घरासमोर मेडिकल चालवणारे काका खोकल्याचं औषध मागणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत. माणूस खोकायचा आणि काका चष्म्यावरून बघत निकाल द्यायचे, "हा घशातला हाय, छातीतला न्हाई. निघा." तुम्ही म्हणाल, हा दुकानदार की फौजदार? आम्हीही तेच म्हणायचो. काहीजण कोडीनचं औषध नशेसाठी नेतात, म्हणून सगळा गावच त्यांच्या लेखी चोर.

माझे वडील मात्र खरेच खोकायचे. फुफ्फुसं कामातून गेलेली. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, तरी मी शेजारी म्हणून शब्द टाकला.

"भाऊंना तर मुळीच न्हाई," काका म्हणाले. वडिलांना ते भाऊच म्हणत. "मेंदूच्या बुडाशी खोकला चालवणारी जागा हाय. ही दवा तिथं जाऊन बसती. श्वास चालवणारी जागाबी तिथंच हाय. एकीला गप केलं की दुसरीबी गप होती."

मला तो बहाणा वाटला. म्हातारा आमच्यावरही शक घेतो म्हणजे काय! नांदेडच्या मावसभावाकडं त्याच औषधाची उरलेली बाटली होती, ती आणली आणि सकाळी वडिलांना दुप्पट पाजली. ते गाढ झोपले. घर इतक्या दिवसांनी शांत झालं, मी खूश होतो.

अकराच्या सुमारास काका दुकान उघडं टाकून आमचा जिना चढून आले.

"भाऊंचा खोकला ऐकू का न्हाई येऊन राहिला?"

त्यांनी वडिलांची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. पोटावर हात ठेवून त्यांनी घड्याळ बघितलं. मिनिटाला पाच श्वास. उशाची बाटली त्यांनी खिशात घातली, मला एका शब्दानं विचारलं नाही.

ऑटोत ते वडिलांच्या कानाशी सारखं म्हणत होते, "भाऊ, श्वास घ्या." सांगितलं की वडील घेत, सांगायचं थांबलं की विसरत. सरकारी दवाखान्यात काकांनी बाटली डॉक्टरांपुढं ठेवली. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात वडील दणकून खोकले. मी बाकावर बसून रडलो.

"कुठून आणली, इचारत न्हाई," काका म्हणाले. "घरी सांगतबी न्हाई."

वडिलांना आजही वाटतं, तेव्हा अशक्तपणानं भोवळ आली होती.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. भेटायला गेलो तेव्हा वडील काकूंना म्हणाले, "लई संशयी माणूस. पर माझ्या पोरावर त्यानं कधी शक घेतला न्हाई."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्या बाटलीचं मी वडिलांना अजूनही सांगितलेलं नाही.