गुरूच्या वाटेवरचे दगड

तायडे मास्तर गेल्याचं कार्ड पातूरहून आलं, कोपरा फाडलेलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या अकोल्याच्या शाळेत शोकसभा झाली. "शाळेचा हिरा गेला," म्हणत हेडमास्तरांनी रुमालानं डोळे टिपले आणि मला अक्षरशः शिसारी आली. हाच माणूस... पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार आहे.

मी ड्रॉइंग मास्तर, तायडे विज्ञानाचे. छप्पनच्या धर्मांतरात तायडेंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी सूर्यमालेचा तक्ता रंगवत होतो, माहिती तायडेंची. गुरूच्या कक्षेवर त्यांनी दोन ठिकाणी माझ्याकडून ठिपके काढून घेतले. "हे लघुग्रह गुरूच्याच वाटेनं फिरतात, मास्तर. वर्तुळाचा सहावा भाग पुढं एक घोळका, तितकाच मागं दुसरा. वाट एकच, पन टक्कर नाई." सांगताना माणूस नुसता फुलून यायचा.

तायडे वर्गावर असताना हेडमास्तरांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "पुस्तकात नाई ते दगड तक्त्यावर काहून? अन् सांगनारा कोन, तं तायडे. पुसा." मी निळ्या रंगाचा हात फिरवला. नोकरी नवी होती, असं म्हणता येईल. पण त्या वाक्याचा मला रागसुद्धा आला नव्हता, हे आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

अमरावतीत एका प्राध्यापकांनी तायडेंनाच विचारलं, "गुरूच्या कक्षेतले लघुग्रह राहिले का?" तायडे तक्त्याकडे बघतच राहिले. हेडमास्तर हसले, "आमच्या मास्तराले तेवढं माईत नसन." भोवतालचेही हसले. तायडेंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याची दोरी सरळ करू लागलो. वर्षभरात ते पातूरच्या शाळेत गेले. जाताना म्हणाले, "या कदी पातूरले, लेण्या दाखवतो." मी गेलो नाही.

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनींनी मला मास्तरांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर मुलांना शिकवायला त्यांनी खडूनं काढलेली गुरूची कक्षा होती, दगडांसकट. चहा ठेवत वहिनी म्हणाल्या, "ते दगड तुमीच पुसले ना, भाऊजी?"

"मास्तरांनी सांगितलं?"

"नाई. त्यायनं कदीच कोनाचं नाव नाई घेतलं. इतक्या वर्सात तुमी एकदा बी आले नाई, म्हून समजलं."