मोटारसायकलचा शिक्का

कारखान्यात मी ‘परमिटवाली बाई’ म्हणून बदनाम आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. माझ्या सहीशिवाय तिथे कोणाला वेल्डिंग करता येत नाही, टाकीत उतरता येत नाही, की उंचावर चढता येत नाही. एका कामाचं परमिट दुसऱ्या कामाला चालत नाही, या टाकीचं शेजारच्या टाकीला चालत नाही आणि सकाळच्या पाळीचं दुपारच्या पाळीला तर मुळीच नाही. “मॅडम, पाँच मिनट का काम है,” असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अशाच पाच मिनिटांच्या कामात दोन्ही हात भाजून घेतलेल्या माणसाला मी स्वतः रुग्णवाहिकेत बसवलेलं आहे.

हे एवढं आधी सांगायचं कारण, पुढे जे सांगणार आहे त्यात माझीच शोभा झाली.

माझा नवरा इथल्याच घिवली गावचा, मी मिरजेची. तोही इथल्याच एका कारखान्यात बॉयलरवर होता आणि आयुष्यभर मोटारसायकलवर फिरला. पाच वर्षांपूर्वी त्याला संध्याकाळनंतर कमी दिसायला लागलं. मग बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा घेर आत आत येत जाणार, शेवटी नळीतून बघितल्यासारखं दिसेल आणि मग तेही जाईल. कधी ते सांगता येत नाही. त्या दिवशी त्याने दवाखान्याबाहेर गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. तोवर मी माझी स्कूटर चालवायची. तेव्हापासून त्याची मोटारसायकल चालवू लागले. तो मागे बसतो आणि मागूनच ब्रेक लावतो, म्हणजे पाय दाबतो आणि ओरडतो.

गेल्या वर्षी तो म्हणाला, “मला एकदा परदेशातला घाट बघायचाय. गाडीवरून. बसच्या काचेतून नाय. डोले हायत तवर.”

मी लगेच हो म्हटलं. आमच्यात अशा गोष्टींना लगेच हो म्हणायची पद्धत नाही, पण मी म्हटलं.

आधी त्याच्या मनात व्हिएतनाम होतं. फोनवर त्याने तिथल्या डोंगरांचे पन्नास व्हिडिओ बघितले असतील, फोन डोळ्यांसमोर अगदी मधोमध धरून. मी माझ्या सवयीने आधी नियम काढले. दुसऱ्या देशात गाडी चालवायची तर आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आपल्याच परिवहन कार्यालयात मिळतो, इथवर मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की या परवान्यामागे देशादेशांचे दोन वेगवेगळे करार आहेत. आपला परवाना जुन्या करारातला, व्हिएतनाम मानतं तो नव्या करारातला. म्हणजे इथून रीतसर काढून नेलेलं पुस्तक तिथल्या पोलिसासमोर रद्दीच.

“अगं, कोन विचारतंय तिकडं?” नवरा म्हणाला. “सगली चालवतात. त्या पोरींनी चालवली ना व्हिडिओत?”

“त्या पोरी पडल्या असत्या तर त्यांचा व्हिडिओ तुम्हाला दिसला असता का?”

“मंग ती बारकी गाडी घेऊ. पन्नास सीसीच्या आत परवाना लागत नाय, मीच वाचलंय.”

“आपण दोघं मिळून दीडशे किलो. ती गाडी आपल्याला घाट चढवेल की आपण तिला?”

तो हसला, पण रुसला. मी मात्र प्रवासाच्या विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की चालवणाऱ्याकडे त्या देशात चालणारा, त्याच प्रकारच्या वाहनाचा परवाना नसेल तर अपघाताचा एकही खर्च मिळणार नाही. मागे बसणार तो, ज्याला समोरून येणारी गाडीच तेवढी दिसते. मी त्याला “कोणी विचारत नाही”च्या भरवशावर बसवणार नव्हते.

थायलंड आपला परवाना मानतं. तिथेही उत्तरेला डोंगर आहेत, घाट आहेत, शेकड्यांनी वळणं आहेत. नवऱ्याने पुन्हा व्हिडिओ बघायला घेतले आणि दोन दिवसांत त्याचा रुसवा गेला. डिसेंबरची तिकिटं काढली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज भरायला बसले. माझ्या परवान्याचा क्रमांक टाकला. समोर माहिती आली: नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, वाहनाचा प्रकार – हलकं मोटार वाहन. एवढंच. मी खाली सरकवून बघितलं, वर सरकवून बघितलं. मोटारसायकल कुठेच नव्हती.

मग आठवलं. मी नोकरीला लागले तेव्हा कारखान्याने सांगितलं होतं, रात्री-अपरात्री यावं लागेल, जीप चालवता यायला हवी. मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले, जीपचा परवाना काढला. स्कूटर नंतर आली. तेव्हा त्या ट्रेनिंग स्कूलमधला माणूस म्हणाला होता, “मोठ्या गाडीचं लायसन आहे ना? मग छोटी त्यात आलीच.” मला ते पटलं. आमच्या वसाहतीत सगळ्यांनाच पटतं. नाक्यावर पोलीस अडवायचा, मी कार्ड दाखवायची, तो फोटो बघून जा म्हणायचा. अशी बावीस वर्षं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सकाळच्या पाळीचं परमिट दुपारी चालत नाही म्हणून ठेकेदारांशी भांडणारी मी, जीपच्या परवान्यावर बावीस वर्षं दुचाकी चालवत होते. नवऱ्याला आणि आमच्या मुलीला मागे बसवून. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच गार झाला.

नवऱ्याने स्वतःचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे दोन्ही होतं, चारचाकी आणि गिअरची मोटारसायकल. “घे,” तो म्हणाला. “परवाना माझा, डोले तुझे. दोघं मिलून एक ड्रायवर होतो आपन.”

तो गंमत करत होता. मला रडू आलं. मग त्याच्या गमतीचाही राग आला आणि मी उठून गाडीची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवारी मी कारखान्याच्या पाळीच्या बसने गेले. “मॅडम, गाडी खराब?” एका फिटरने विचारलं.

“गाडी बरी आहे,” मी म्हटलं. “मीच बेकायदेशीर आहे.”

रोज काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून दहा मिनिटं सुरक्षेचं बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी मी वायुगळतीवर बोलणार होते. त्याऐवजी माझं कार्ड वर धरलं आणि काय झालं ते सांगितलं. लपवता आलं असतं. पण मग पुढच्या परमिटवर सही कोणत्या तोंडाने केली असती? सांगून झाल्यावर म्हटलं, आता तुमची काढा. निम्म्या जणांचं हसू पाकिटातून कार्ड बाहेर येईपर्यंतच टिकलं. कोणाकडे फक्त बिनगिअरचं होतं, कोणाकडे फक्त टेम्पोचं. एक वेल्डर तेवढा खुशीत होता. “मॅडम, आज आप का भी काम बंद!”

“हो, बंद,” मी म्हटलं.

शिकाऊ परवाना काढला. चाळिशीच्या पुढे डॉक्टरचा दाखला लागतो, तोही घेतला. मधले तीस दिवस थांबावंच लागतं, थांबले. बसने गेले, बसने आले. बाजारात रिक्षाने गेले. नवरा म्हणायचा, “संध्याकालची मासली आनायला तरी काढ गाडी,” आणि मी नाही म्हणायची. घरात कपाटाकडे बघून उसासे टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

मग काही दिवस त्याच्या तपासण्यांत गेले. नजरेचा घेर आणखी कमी झाल्याचं कळलं. परीक्षेची तारीख मिळाली तोवर ऑक्टोबर संपत आला होता.

परीक्षेच्या मैदानावर सगळी कॉलेजची मुलंमुली. माझ्या पुढच्या मुलीने मला आदराने विचारलं, “काकू, तुम्ही कोणाला घेऊन आलात?” मी म्हटलं, “मलाच.” जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा आखलेला होता. त्यावरून पाय खाली न टेकवता गाडी फिरवायची. बावीस वर्षांचा सराव! मी मनात म्हटलं, डोळे मिटून करीन.

दुसऱ्या वळणावर पाय टेकला. आमच्या रस्त्यांवर टँकर अंगावर येतात, खड्डे पाण्याने भरलेले असतात. हळू झालं की पाय आपोआप खाली जातो. बावीस वर्षांत मी हेच शिकले होते. अधिकाऱ्यांनी शांतपणे ‘नापास’ लिहिलं. ते बरोबरच होतं. मीही तेच लिहिलं असतं. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

पुन्हा परीक्षेला बसायला सात दिवस थांबावं लागतं. त्या सात दिवसांत आम्ही गाडी टेम्पोत घालून घिवलीला नेली. माझ्या दिराचं शेत भात कापून मोकळं झालं होतं. नवऱ्याने पावलांनी मोजून चुन्याने आकडा आखला आणि स्वतः एका गोलाच्या मधोमध उभा राहिला.

“तुमी सरका बाजूला, वयनी पाडंल तुमाला,” दीर बांधावरून ओरडला.

“नाय पाडत,” नवरा म्हणाला. “आनि पाडलं तर पाडलं.”

मी त्याच्याभोवती फिरू लागले. तो मान न हलवता समोर बघत उभा होता. मी समोर आले की म्हणायचा, “दिसलीस.” दोन हात पुढे गेले की म्हणायचा, “गेलीस.” गाडी जेमतेम माणसाच्या चालीने चालली होती. माझ्या नवऱ्याचं जग केवढं उरलंय हे मला डॉक्टरांच्या कागदांवरून कधी नीट कळलं नव्हतं, ते त्या शेतात कळलं. एका चकरेत एकदाच मी त्याला दिसत होते, तेही क्षणभर. मला पाय टेकवून थांबावंसं वाटत होतं. मी टेकवला नाही. खुंटांवरून, ढेकळांवरून, सहा दिवस मी पाय टेकवला नाही.

सात दिवस भरल्यावर मैदानावर तो आकडा मला अंगणासारखा वाटला. पास झाले.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशातली गत. नवं कार्ड यायला दिवस लागले. मग पासपोर्ट, तिकीट, दाखला घेऊन पुन्हा अर्ज. प्रवासाला नऊ दिवस असताना ते छोटं पुस्तक हातात पडलं. आत वाहनांचे वर्ग ओळीने छापलेले, पहिलाच वर्ग मोटारसायकल, आणि त्याच्यासमोर शिक्का. मी घरी येऊन नवऱ्याच्या समोर, अगदी मधोमध, पुस्तक धरलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“एवढ्यासाठी?” तो म्हणाला.

“एवढ्यासाठी,” मी म्हटलं.

थायलंडमध्ये गाडी भाड्याने देणाऱ्या बाईने परवाना विचारलाही नाही. पैसे घेतले, किल्ली दिली. नवरा माझ्याकडे बघून गालात हसत होता. मी पुस्तक तिच्या टेबलावर उघडून ठेवलं, तिने नम्रपणे मान हलवली आणि ते मला परत दिलं. तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी मात्र पोलिसांनी अडवलं. पुढचे दोन परदेशी तरुण हातवारे करून काही समजावत होते, त्यांच्या गाड्या बाजूला लागल्या होत्या. पोलिसाने माझं पुस्तक घेतलं, बोट फिरवत पहिल्या वर्गाशी आला, शिक्का बघितला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जा म्हणून हात केला. मला इतका आनंद झाला की मी त्याचे मराठीत आभार मानले.

घाट सुरू झाला. वळणावर वळणं, उजव्या हाताला दरी, खाली ढग. पहिला तासभर नवरा मागून सांगत होता, हे झाड बघ, तो डोंगर बघ, आणि सवयीने पाय दाबत होता. जागा मिळाली की मी थांबायची, दरी त्याच्या समोर येईल अशी गाडी वळवायची, आणि तो पोटभर बघायचा. मग तो गप्प झाला. पाय दाबणंही थांबलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्याचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलेलं जाणवत होतं. मागे बसून झोपणं किती धोक्याचं, हे मी शंभर वेळा शिकवलेलं आहे. मी चिडले. कडेला गाडी लावली आणि म्हटलं, “अहो, झोपलात काय? एवढ्या लांब आलो ते झोपायला?”

“झोपलो नाय,” तो म्हणाला. “डोले मिटून बसलो होतो. पुढं असंच फिरायचं हाय ना आपल्याला. बघत होतो, कसं वाटतं.”

मी हेल्मेटची काच वर केली. विचारलं, “मग? कसं वाटलं?”

“बरं वाटलं,” तो म्हणाला. “चालव तू.”