फूटबाईंनी न विचारलेला प्रश्न

फौजदारी कोर्टात सगळ्यात जास्त बोलतात ते वकील, सगळ्यात कमी बोलतो तो आरोपी, आणि तोंडातून ब्र न काढता सगळ्यांचं ऐकून घेते ती टाईपिस्ट. साक्षीदार अडखळत काहीबाही सांगतो, न्यायाधीश ते नीट वाक्यात बसवून देतात, टाईपिस्ट उतरवते. पुढे वरच्या कोर्टात जातो तो हा कागद, माणसं नव्हे.

या कोर्टातल्या टाईपिस्ट बाईंनी हे काम एकतीस वर्षं केलं होतं. साक्षीदाराने हात पसरून "एवढा मोठा दांडा होता" म्हटलं की बाई मान वर करून विचारायच्या, "किती फूट, साहेब?" कागदाला डोळे नसतात, तो हात कुणाला दिसणार, असं त्यांचं म्हणणं. वकील मंडळी त्यांना पाठीमागे फूटबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

फक्त एकदा त्यांनी विचारलं नाही.

प्रकरण मारहाणीचं होतं. गोदामाच्या रखवालदाराचं कुणीतरी तिन्हीसांजेला डोकं फोडलं, आणि तिथल्याच एका हमालाला पकडलं. पुरावा म्हणजे समोरचा औषधवाला. "मी ह्याला पाहिलं. इथून त्या दारापर्यंत असेल तेवढ्या अंतरावरून," असं त्याने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. त्याच सकाळी तेव्हाचे न्यायाधीश बाईंवर खेकसले होते, "तुमचे फूट पुरे करा. मी सांगतो तेवढंच टाईप करा." भरल्या कोर्टात झालेला तो पाणउतारा बाईंना झोंबला. बरं, तर बरं, म्हणून त्यांनी गाल फुगवले आणि सांगितलं तेवढंच टाईप केलं. पिंजऱ्यापासून दारापर्यंत.

दोन वर्षं गेली. ते न्यायाधीश बदलून गेले, दोन्ही बाजूंचे वकील नवे आले. जुन्या लांबलचक दालनाचं छत गळायला लागलं म्हणून कोर्ट शेजारच्या लहान खोलीत हललं. बदलला नव्हता तो फक्त हमाल, तुरुंगातून येणारा आणि तुरुंगात जाणारा.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी सरकारी वकिलांनी कागद वाचला आणि दाराकडे बोट दाखवलं. "हे अंतर पाहा, साहेब. फार तर अठरा फूट. अठरा फुटांवरचा चेहरा कोण विसरेल?" न्यायाधीशांनी दाराकडे पाहून मान डोलावली. मागे हमालाने हात वर केला. शिपायाने तो धरून खाली केला, कारण आरोपीने मधे बोलायचं नसतं. एवढं फक्त बाईंनी पाहिलं, आणि त्यांनी परत एकदा दाराकडे पाहिलं. दार चुकीचं होतं.

घरी त्यांनी नणंदेला सांगितलं. दोघी वर्षानुवर्षं एकाच छपराखाली राहिलेल्या, भांडण आणि सल्ला दोन्ही हक्काचं.

"वहिनी, निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला विस्तवात हात घालताय?" नणंद म्हणाली. "वकील बघतील."

"वकिलांनी ते दार पाहिलेलंच नाही. मी पाहिलंय."

"आणि चूक कुणाची म्हणून विचारलं तर?"

"माझी म्हणून सांगेन. रुसले होते मी. माझ्या रुसव्यापायी तो आत राहणार असेल, तर मला घास गिळवणार नाही."

सकाळी कोर्ट बसताच बाई उभ्या राहिल्या. बेंच क्लार्क दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, खाली बसा." बाई बसल्या नाहीत.

"साहेब, ही साक्ष या खोलीत झालेली नाही."

न्यायाधीश तरुण होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "टाईपिस्टला युक्तिवादात बोलता येत नाही."

"ठाऊक आहे, साहेब. पण कागदावर दार आहे आणि ते दार शेजारी राहिलंय. मी त्या दिवशी फूट विचारले नाहीत. मोजून घ्या. मग मला काय शिक्षा करायची ती करा."

कुणी हसलं नाही. न्यायाधीश उठले. दोन्ही वकील, आरोपी, शिपाई, सगळी वरात जुन्या दालनात गेली. पट्टेवाल्याने टेप धरली, एक टोक पिंजऱ्याच्या जागेला, दुसरं दाराला. बावन्न फूट.

न्यायाधीशांनी बाईंचीच साक्ष घ्यायची ठरवली. बाई पहिल्यांदा पिंजऱ्यात चढल्या आणि त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कोर्टातली टाईपिस्ट बसली. औषधवाल्याला परत बोलावलं. बावन्न फूट, तेही दिवेलागणीला, म्हटल्यावर तो घोटाळला. मग म्हणाला, चेहरा असा दिसला नव्हता, हमालांचा निळा सदरा दिसला होता. गोदामात निळे सदरे चौदा जणांचे होते.

निकालाच्या दिवशी बाई परत आपल्या खुर्चीत होत्या. निकाल टाईपसाठी सांगताना न्यायाधीश एका परिच्छेदाशी थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, अंतर का नोंदलं गेलं नाही, ते वगळू या का? तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे."

मोह झाला नाही असं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या कागदाला कुणी बोट लावलं नव्हतं.

"नको, साहेब," बाई म्हणाल्या. "वगळलं तर वरच्या कोर्टाला बावन्न फूट कुठून आले ते कळणार नाही. परत कुणीतरी अठरा मोजेल."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि सांगू लागले. बाईंनी टाईप केलं: अंतर टंकलेखिकेच्या हयगयीमुळे नोंदवायचे राहिले. बोटं जराही अडखळली नाहीत. खालच्या ओळीत आरोपी निर्दोष सुटला.

मागे हमालाने विचारावं तसा हात वर केला. या वेळी शिपायाने तो धरला नाही.