औशाहून आणलेल्या गोळ्या

पाळी गेल्यावरची दोन वर्षं मी नुसती भाजून निघाले. फळ्यावर गणित सोडवताना मानेतून वाफ उठायची, ब्लाउज भिजायचा, अन् पोरी टकामका बघायच्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा कुठं माणसात आले. घरी मात्र सांगितलं, कॅल्शियमच्या आहेत. लातूरच्या निम्म्या मेडिकल दुकानांत माझेच विद्यार्थी बसलेले! त्यांच्याकडं कोणत्या तोंडानं मागायच्या? दर महिन्याला एसटीनं औशाला जाऊन आणायची. फेरतपासणीला बोलावलं होतं, तेही टाळलं. शहाणी मी!

मग छातीत धडधड सुरू झाली. गोळ्यांनी काळीज खराब केलं की काय, या धास्तीनं माझी पाचावर धारण बसली. मोठ्या जाऊबाई नांदेडला असतात. त्यांना भेटायचं निमित्त करून निघाले अन् त्यांनाच घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडं गेले.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

जाऊबाई शेजारीच होत्या. मी म्हणाले, "कॅल्शियम."

कुशीवर झोपवून छातीला गार जेल लावलं अन् पडद्यावर माझं हृदय दिसलं. आई गं! करड्या अंधारात एक पातळ झडप उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती. त्रेपन्न वर्षं! बाळंतपणात, बदलीच्या गावी, सासऱ्यांच्या दुखण्यात, मी गाढ झोपलेली असतानासुद्धा. अन् मी कधी त्याची साधी विचारपूस केली नव्हती. डोळे भरून आले. त्याच्यासमोर मला खोटं रेटवेना.

"डॉक्टर, कॅल्शियम नव्हे. हार्मोनच्या गोळ्या आहेत. दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून झडप परत एकदा बघितली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाले, "काम चांगलं करतंय. धडधड कशानं होते ते शोधू, रक्त तपासू. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. मनानं घेऊ नका, मनानं सोडूही नका."

मी उठून पदर सावरला. जाऊबाई अजून पडद्याकडंच बघत होत्या.

"मला सांगायचं न्हाई होय गं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी बी अशीच भाजले चार वर्षं. वाटायचं, मलाच होतंय."

मग डॉक्टरांकडं वळल्या. "साहेब, माझं बी एकदा दाखवा की. आजवर कुणी इचारलंच न्हाई त्याला."

अन् पिशवी माझ्या हातात देऊन पलंगाकडं निघाल्यासुद्धा.