स्टेपनी

पायलट व्हायचंय, असं मी घरात एकदाच म्हणाले, तेही हळू आवाजात. तेव्हापासून सल्ले आणि किस्से इतके साचलेत, की ते टिपून ठेवायची ही वही बारावीच्या नोट्सपेक्षा जाड झाली आहे. प्रश्न एकच. बारावीनंतर थेट फ्लाइंग स्कूल, की आधी एव्हिएशन कॉलेजची तीन वर्षांची डिग्री? मला दोन्हींची भीती वाटते. थेट गेले आणि मेडिकलमध्ये नापास झाले, तर हातात फक्त बारावी. डिग्री घेतली, तर तीन वर्षं जमिनीवरच.

*

पहिलं मत मामाचं. मामा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. "डिग्री म्हंजी स्टेपनी," तो बाबांना म्हणाला. "लागंल न लागंल, पर गाडीत पायजेच, दाजी."

बाबांना पटलं. ते चाकणला प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहेत. दिवसभर माल पास नाहीतर रिजेक्ट करतात. हल्ली माझ्याकडेही तसंच बघतात.

*

मग आम्ही हिंजवडीजवळच्या माण गावापुढचं एक कॉलेज बघायला गेलो. आवारात छोटं विमान उभं होतं. तिथले सर डिग्रीचे फायदे सांगत होते आणि बाबा विमानाभोवती फिरत होते. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"सर, इंजिन दिसत नाही?"

"पहिली तीन वर्षं थिअरीच असते."

मी विमानाच्या पंखावरचा हात काढून घेतला. आईचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे तीन वर्षं तरी पडायची भीती नाही!"

*

मेडिकलच्या धास्तीने आधीच पिंपरीत डोळे तपासून घेतले. मी शेवटची ओळ वाचली. डॉक्टर थांबूनच राहिले.

"दिसत नाही का?"

बाबांचा चेहरा उतरला. मी ती ओळ पुन्हा वाचली, आधीपेक्षाही हळू. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, की हिने बरोबर वाचलंय, मला ऐकू आलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "मग कंट्रोल टॉवरशी पण सिस्टरच बोलणार का?"

*

आमच्या वरच्या मजल्यावरचा नितीनदादा बारावीनंतर थेट उडायला गेला. लायसन्स मिळालं, नोकरी अजून नाही. लिफ्टमध्ये जो तो जॉइनिंगची तारीख विचारतो, म्हणून आमच्या सोसायटीतला एकमेव पायलट सहा मजले जिन्याने चढतो.

एकदा जिन्यात मी धीर करून विचारलं. तो म्हणाला, "डिग्री असती तर निदान दुसरीकडे अर्ज तरी करता आला असता." चार पायऱ्या चढून तो थांबला. "पण आधी डिग्री करत बसलो असतो, तर उडालो नसतो."

*

डिग्रीचा फॉर्म शुक्रवारी बारापर्यंत त्या कॉलेजात द्यायचा होता. बाबांची सही झाली होती, माझी राहिली होती. मी आणि बाबा मामाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलो. माणच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं.

मामा खूश. "बघा दाजी, आता कळंल स्टेपनी काय असती."

बसमधले आयटीवाले उतरून रस्त्यापलीकडे सावलीत गेले. मामाने स्टेपनी ओढून खाली टाकली. ती उसळली नाही, नुसती बसली. मामाने पायाने दाबली, तर पाय आत गेला.

बाबा उकिडवे बसले. "शेवटची कधी तपासली होती?"

"तपासायची कशाला? कधी लागलीच न्हाई."

बाबांनी आधी त्या चाकाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या फॉर्मकडे.

"सही करायची आहे का तुला?"

"नाही," मी म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या आयटीवाल्यांनीही वळून पाहिलं.